उलटा नळ कोणीही दुरुस्त करू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावन्न, अविवाहित, व्यवसाय शिकवण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वहस्ते आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले. ते पुढे यथास्थान येतील. डॉक्टरांनी मला तपासून "मन ठणठणीत, हृदय बेताचे" असे लिहून दिले आहे. आमच्या घराण्यात बहुतेकांचे याच्या उलट असते.

येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मरण्याचा माझा बेत नाही. परंतु माझ्या पश्चात माझ्या घराचे काय, याची चर्चा माझ्या देखतच सुरू झाली आहे. त्या चर्चेत घरमालकिणीचेही एक मत असावे, म्हणून हा प्रपंच.

कलम १. मी कोण

संस्कृतात मला सुवर्णपदक मिळाले. दोन माणसांसाठी स्वतंत्र वचन राखून ठेवणारी भाषा मी शिकले आणि जन्मभर एकवचनात राहिले, तक्रार नाही. पदक घेऊन मी मोठ्या विद्यापीठात शिकवायला जाईन अशी सर्वांची समजूत होती. मी गेले रस्त्यापलीकडच्या सामुदायिक महाविद्यालयात, ज्याला सगळे 'संध्याकाळचं कॉलेज' म्हणतात. तिथे मी पत्रव्यवहार शिकवते: रजेचा अर्ज, तक्रारीचे पत्र, नोकरी मागण्याचे पत्र आणि नोकरी सोडण्याचे. शेवटचे पत्र विद्यार्थी फार मन लावून शिकतात. पत्राचा मायना चुकला की मी पुढचे वाचत नाही, म्हणून माझे नाव 'मायनाबाई' पडले. सुवर्णपदकापेक्षा ते जास्त टिकले आहे.

कलम २. घर

हे दुमजली घर माझे स्वकष्टार्जित आहे. 'स्वकष्टार्जित' हा शब्द वकिलांनी घातला, त्याखालची रेघ माझी. घेतले तेव्हा ते वरपासून खालपर्यंत गळत होते. कॉलेजच्या नळकामाच्या वर्गाने सरावासाठी ते गळायचे थांबवले. भिंतीतला प्रत्येक पाइप कोणा ना कोणा विद्यार्थ्याच्या हातचा आहे. कॉलेजची भाड्याची शेड गेली, तेव्हा मी तळमजला कार्यशाळेला दिला आणि वर राहू लागले. खाली हातोडा सुरू असल्याशिवाय मला आता झोप लागत नाही.

हे संपूर्ण घर, जमिनीसह, मी माझ्या पश्चात कॉलेजला देत आहे. कार्यशाळेसाठी, कायमचे. ते विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, आणि तिथे कोणाचेही सभागृह बांधता येणार नाही.

कलम ३. हे कलम दादांसाठी

माझे थोरले बंधू मोठ्या विद्यापीठात अधिष्ठाता आहेत. कॉलेजच्या पाहणीसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. समितीने दोन बोटे ठेवली. पहिले: कार्यशाळा एका शिक्षिकेच्या मेहेरबानीवर चालते, तिच्या पश्चात काय? सबब हातकामाचे वर्ग पुढल्या वर्षीपासून बंद करावेत. याचे उत्तर कलम २ मध्ये दिले आहे. दुसरे बोट असे: "शिक्षक विद्यार्थ्यांकडे पाठ करून उभे असतात. अध्यापनात संवादाचा पूर्ण अभाव."

अहवाल हाती आला त्या दिवशी दादा, वहिनी आणि त्यांचे चिरंजीव माझ्याकडे जेवायला होते. मी वाढता वाढता विचारले,

"दादा, मास्तर असे का उभे राहतात, हे विचारायचं तरी होतंत."

"विचारायला ते वळले कुठे?"

"तुम्ही हाक मारायची."

"पाहणीत हाका मारत नाहीत. जे दिसतं ते लिहितात. अगं, चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत बघून शिकवलं. तू सुवर्णपदकवाली, आणि नळवाल्यांना 'महोदय' लिहायला शिकवतेस!"

"का? नळवाले महोदय नसतात?"

दादा हसले. त्यांचे हसणे चांगले असते, एरवी ते फार कमी वाट्याला येते. म्हणाले, "हे बघ, आमच्याकडचा नळ वर्षभर ठिबकत होता. मागच्या महिन्यात आपोआप थांबला. प्रत्येक गोष्टीला कॉलेज लागत नाही."

वहिनींनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

चिरंजीव म्हणाले, "आत्या, राग मानू नकोस, पण ते कॉलेज म्हणजे नापासांची धर्मशाळा आहे. ही जागा विकलीस तर आरामात राहशील."

होय, धर्मशाळाच आहे. तिचे दार कधी लागत नाही, कारण कारखान्याची पाळी सुटून येणारा माणूस वर्गाला उशिरा येतो, आणि उशिरा आलेल्याला आत घेणे हा आमचा एकमेव शिरस्ता आहे. ज्यांना बाकी सगळ्या दारांनी "पुढच्या वर्षी या" म्हटले, ते आमच्याकडे त्याच संध्याकाळी बसतात. दादा परीक्षक असताना त्यांनी स्वतःच्या चिरंजीवांना एका गुणासाठी गणितात नापास केले होते. तेव्हा चिरंजीव या धर्मशाळेत एक उन्हाळा उतरले होते आणि पास होऊन गेले, हे त्यांच्या स्मरणात नसले तरी माझ्या आहे. शेवटच्या बाकावर बसायचे, मागच्या दाराने पळता यावे म्हणून. पळाले नाहीत. शेजारी बसलेल्या आजीबाई त्यांना रोज विचारायच्या, "काय रे पोरा, आज तरी जमलं का?" आणि न जमलेले समजावून द्यायच्या.

कलम ४. उलटा नळ

वरच्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ उजवीकडे आहे आणि गार पाण्याचा डावीकडे. जगात सर्वत्र हे उलट असते. हा नळ कोणीही, कोणत्याही कारणाने, दुरुस्त करू नये.

कारण सांगते. हे काम नळकामाच्या पहिल्या तुकडीचे. काम झाल्यावर मी गार समजून तोटी उघडली आणि हात पोळून घेतला. माझी आरोळी तळमजल्यापर्यंत गेली. नळमास्तर धावत वर आले. नळाकडे बघितले, मग तुकडीकडे.

"कोणी बसवला हा?"

"आम्ही सगळ्यांनी," बसमधल्या कंडक्टरबाई म्हणाल्या. त्या दिवसभर तिकिटे फाडून संध्याकाळी यायच्या. "तुम्ही दाखवलात तसाच."

"मी असा दाखवला? गरम नेहमी डावीकडे, सतरांदा सांगितलं!"

"सांगितलंत डावीकडे. दाखवलंत उजवीकडे. तुम्ही आमच्याकडे तोंड करून उभे होता ना सर. तुमचं डावं ते आमचं उजवं. कानांपेक्षा डोळ्यांचं ऐकलं आम्ही."

मास्तर मोरीच्या कट्ट्यावर बसले. बराच वेळ आपल्याच दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आजवर जेवढे शिकवले, तेवढे सगळे..." मी पोळलेला हात गार पाण्याखाली धरला होता. गार कुठले, हे आता मला ठाऊक झाले होते.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले, विद्यार्थ्यांकडे पाठ केली आणि म्हणाले, "या सगळे माझ्या मागे. माझ्या खांद्यावरून बघा. माझा डावा हात तो तुमचा डावा हात." तेव्हापासून आमच्याकडे हाताचे कोणतेही काम असेच शिकवतात. शिवण असो, पट्टी बांधणे असो, तारा जोडणे असो. शिक्षक पुढे, बाकीचे त्याच्या मागे दाटीवाटीने, एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून. शंका असली की मागून कोणीतरी "थांबा" म्हणते आणि हात थांबतात. याहून अधिक संवाद मी मोठ्या विद्यापीठात पाहिलेला नाही. तिथे मी पाच वर्षे पहिल्या रांगेत बसत होते आणि "थांबा" म्हणायची एकदाही छाती झाली नाही.

नळाशेजारी एक पाटी लावावी: "हा नळ चुकीचा आहे. का, ते विचारा." पुढल्या प्रत्येक पाहणी समितीला आधी याच न्हाणीघरात हात धुवायला पाठवावे.

कलम ५. शिल्लक

बँकेत जे काही निघेल ते सर्व कॉलेजच्या पाळणाघराला द्यावे. आई वर्गात असते तेव्हा मूल तिथे असते, आणि तिथे मावले नाही तर माझ्या वर्गात, माझ्याच टेबलाखाली झोपते. तक्रारीचे पत्र कुजबुजत शिकवायची कला मला त्यामुळे अवगत झाली. त्या आयांपैकी काहीजणी आज इस्पितळात आहेत, काही कचेऱ्यांत. एक तर मी राहते त्या भागाची पाणीपुरवठा अधिकारी आहे. माझे पाणी गेले की तिला मी तिनेच शिकलेल्या पद्धतीचे पत्र लिहिते आणि ती मायन्यातली चूक काढून परत पाठवते. पाणी मात्र लगेच येते.

कलम ६. पुस्तके

माझी संस्कृत पुस्तके मोठ्या विद्यापीठाने मागितली होती, काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी. ती त्यांना द्यायची नाहीत. कॉलेजच्या वाचनालयात उघड्या फळीवर ठेवावीत. आमचा लिफ्टवाला, ज्याच्या हाती शहरातल्या निम्म्या लिफ्टा सुरक्षित आहेत, दर रविवारी दुपारी माझ्याकडे शब्द चालवायला येतो. मी एकदा विचारले, "तुला याचा उपयोग काय रे?" तो म्हणाला, "बाई, तुम्ही लिफ्टमध्ये नुसत्या बसता, मी कधी विचारलं का उपयोग काय?" पहिली निवड त्याची. पानांना तेलाचे डाग पडल्यास कोणी काही बोलू नये.

कलम ७. चिरंजीवांना

नळकामाच्या पहिल्या तुकडीने मला भेट दिलेला मोठा पाना मी पुतण्याला, चुकले, आत्याला पुतण्या नसतो, भाच्याला देत आहे. (खाडाखोड करत नाही, वकील म्हणतात खाडाखोड दिसली की वारस कोर्टात जातात.) तो वापरायला शिकायचे असल्यास पत्ता त्यांना ठाऊक आहे. उशीर झाला तरी चालतो.

वहिनींना या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही. तसे त्यांनीच मागून घेतले. साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, आणि त्यांना साक्षीदार व्हायचे होते.

कलम ८. माझ्या हृदयाबद्दल

वहिनी सोडून सर्वांनी मला सांगितले, "आता तरी मोठ्या ठिकाणी जा." मी मोठ्याच ठिकाणी जात आहे. तिथे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी सर्जनच्या हातात उपकरणे देणारी मुलगी आमच्या कॉलेजची आहे. परवा तपासणीला गेले तेव्हा तिनेच माझा हात धरला.

"बाई, घाबरलात?"

"मी कशाला घाबरू? तू समोर असशील ना?"

"समोरच. सर्जनच्या अगदी समोर. त्यांचं डावं ते माझं उजवं." ती हसली. "पहिल्या दिवशी बाकीच्या सगळ्या गोंधळल्या. मी नाही. आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात तो नळ दाखवतात."

माझी झडप नीट बसली तर श्रेय सर्जनचे, त्या मुलीचे आणि त्या नळाचे. नीट बसली नाही तरी कॉलेजकडे बोट दाखवण्याची परवानगी मी कोणालाही देत नाही.

कलम ९. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी दादांना नेमत आहे. वाचणाऱ्यास आश्चर्य वाटेल. वाटू द्या. दादा चुकतात, पण नियम मोडत नाहीत. ज्या माणसाने एका गुणासाठी पोटचा मुलगा नापास केला, तो बहिणीच्या मृत्युपत्रातला एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे करणार नाही. "तिच्या पश्चात काय?" हा प्रश्न त्यांचा होता, उत्तर अमलात आणण्याचा मानही त्यांचाच.

रीत अशी: घराची किल्ली दादांनी स्वतः, वर्ग चालू असताना, नळमास्तरांना नेऊन द्यावी. मास्तर वळणार नाहीत. दादांनी दाटीत शिरून त्यांच्या मागे उभे राहावे आणि हाक मारावी. मास्तर डावा हात मागे करतील. किल्ली त्या हातात ठेवावी. मग लगेच निघू नये. खांद्यावरून थोडा वेळ बघावे.

हे सर्व मी वाचले, समजले, आणि एक शब्दही मागे घेत नाही.

सही: मायनाबाई

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल, खाली वर्ग चालू
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार

वरील सही आमच्या समक्ष, बाईंनी पूर्ण शुद्धीत केली:

साक्षीदार पहिला: डॉक्टर. (मन ठणठणीत असल्याचे पुन्हा एकदा लिहून देतो.)

साक्षीदार दुसरी: वहिनी, म्हणजे अधिष्ठात्यांची पत्नी. नळकाम वर्ग, दुसरे सत्र. मी संध्याकाळी फिरायला जाते असे घरी समजतात. समिती आली त्या दिवशी मी त्याच वर्गात, मास्तरांच्या मागे, डावीकडून पहिली उभी होते. हे दारातून सगळ्यांच्या पाठी बघून गेले. घरचा नळ आपोआप थांबलेला नाही.