नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर

१६ जून
शाळेचा पहिला दिवस. आठवीपर्यंत गावातली जि.प. शाळा होती. तिथे एकच पायरी, तिलाही बाईंनी फळी लावून घेतली होती. आजपासून हायस्कूल. गौरीची व्हीलचेअर फाटकातून आत, व्हरांड्यातून थेट जिन्यापर्यंत गेली. पुढे जिना. नववी वर.
मुख्याध्यापक फार गोड बोलले. "ताई, कशाला त्रास घेता? तिला घरीच राहू द्या. हजेरी आम्ही लावू. परीक्षेचंही बघू. पास करून देतो."
म्हटलं, वर्ग खाली आणा. तर खाली ऑफिस, कॉम्प्युटर रूम, पाचवी ते सातवी. "नववी-दहावीला शांतता लागते हो."
यांच्या शांततेसाठी माझी मुलगी घरात. दार लावून घ्यायचं आणि वर उपकार केल्यासारखं हसायचं.

१७ जून
गौरीच्या बाबांना सांगितलं. टोमॅटोचे क्रेट उतरवत होते. "पास करतो म्हणत्यात ना? मग आजून काय पायजे?"
शिकायला पाहिजे, म्हटलं. शिक्षण म्हणजे काय गुणपत्रिका…
"हे बघ, माझ्याम्होरं भाषण नको. मी टाळ्या वाजवनार न्हाई."

१ जुलै
जुन्नरला शिक्षण विभागात गेले. साहेब उठून उभे राहिले. घोडेगावचं माझं व्याख्यान त्यांनी ऐकलं होतं म्हणे. "अंगावर काटा आला होता ताई!" चहा आला. शेजारच्या टेबलांवरून माणसं बोलावून फोटो काढले. मग अर्ज वाचला. तळमजल्यावर वर्ग, परीक्षेला लेखनिक, जादा वेळ, सगळं कायद्याने तिचा हक्क आहे, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं. "शाळेला कळवतो." कधी? "कळवतो ना."
येताना एस.टी.त उभी. कायदा न कळणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ह्यांच्याशी कसं भांडायचं?

१८ जुलै
शिक्षण विभागाच्या विशेष शिक्षिका घरी येऊन गेल्या. तासभर होत्या. गौरीचा उजवा हात आखडलेला, तर पेनाला जाड रबर गुंडाळून दिलं, अक्षर थोडं सुटलं. पुढची भेट? "महिन्यातून एकदा, जमलं तर. एवढ्या शाळा आणि मी एकटी. मु.अ.ना मी काय बोलणार ताई? मी कंत्राटी." मला राग आला, तो चुकीच्या माणसावर.
गौरी म्हणाली, "बाकीचे तुझ्याशी बोलतात. ह्या माझ्याशी बोलल्या."

१० ऑगस्ट
संस्थेचे अध्यक्ष आप्पा, त्यांचा फोन. "ताई, पंधरा ऑगस्टला शाळेत तुमीच बोलायचं. घरचा वक्ता असताना बाहेरचा कशाला?"
घरचा! लगेच हो म्हटलं. त्यांना वाटतंय, स्वातंत्र्यावर बोलेन. बोलेनच.

१५ ऑगस्ट
बोलले. हातात कागद नव्हता. म्हटलं, झेंड्याला सलामी द्यायला माझी मुलगी तुम्हाला या मैदानात चालते, शिकायला मात्र त्या जिन्यापाशी अडते. खोली नाही असं सांगू नका, मन नाही असं सांगा. पुढच्या रांगेत बायका पदराने डोळे पुसत होत्या. मग टाळ्या, थांबेचनात. सगळ्यांत जोरात मु.अ.
लगेच आप्पांनी माइक घेतला. "आपल्या जिद्दी लेकीचा सत्कार!" दहावीच्या चार मुलांनी गौरीला खुर्चीसकट व्यासपीठावर उचललं. शाल, श्रीफळ, फोटो. व्यासपीठावर न्यायला न मागता चार माणसं मिळाली.
खाली आल्यावर आप्पा म्हणतात, "लई भारी बोललात राव! पाणी काढलंत डोळ्यातून."
वर्ग खाली कधी आणताय?
"आता आजच्या दिवशी कुठं ते…"
घरी आल्यावर गौरीने शाल भिरकावली. "मी काय केलं म्हणून सत्कार?"

१९ ऑगस्ट
वर्ग वरच. मु.अ. म्हणाले, "परवा सगळं बोलून झालंच की ताई." म्हणजे झालं. झेंडावंदन, कवायत, मी, मग बुंदी. माणसं रडतात, मोकळी होतात, घरी जातात.
मंचरच्या व्याख्यानाला येत नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, शाळा आहे.

२५ ऑगस्ट
आठवडाभर रोज जातोय. जिन्याखाली गौरीची खुर्ची, शेजारी माझं स्टूल. वरून इतिहासाचा तास अर्धामुर्धा ऐकू येतो. घोषणा नाहीत. नुसतं बसायचं. पालक येतात, बघतात, चपला घासत पुढे जातात.
मु.अ. म्हणाले, "हे बरं दिसत नाही."
"दिसावं म्हणूनच बसलोय," माझा आवाज चढला.
गौरी म्हणाली, "आई, हळू. वर तास चालू आहे."

३ सप्टेंबर
मधल्या सुट्टीत दोन मुली पायरीवर येऊन बसल्या. चिंच दिली तिला. तिघी हसत होत्या, कशाला ते कळलं नाही. घंटा झाली तशा त्या वर पळाल्या. गौरी जिन्याकडे बघत राहिली. मी पुस्तक उघडून धरलं, एक ओळ वाचली असेल तर शपथ.

१३ सप्टेंबर
मु.अ.नी बोलावलं. आप्पाही होते. सोमवारपासून कॉम्प्युटर रूम वर, नववी खाली. लेखनिकही देणार. माझा विश्वास बसेना. आभार मानायला तोंड उघडलं आणि मग अट आली. नववी झाली की शाळेतून दाखला काढायचा. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे परीक्षा बाहेरून. शाळेच्या निकालात गौरी नको.
"ती नापास होणार असं कोणी सांगितलं?"
"तसं नाही हो. पण निकाल शंभर टक्के असतो आपला. चौकात फ्लेक्स लागतो."
आप्पा म्हणाले, "दोन पावलं आमी आलो, एक तुमी या. तोंडी हो म्हना, बास. कागद नको."
कागद नकोच असणार.
सोमवारी सांगते म्हटलं. मी! जागच्या जागी उत्तर सुचलं नाही असं आजवर…

१४ सप्टेंबर
हे म्हणतात, घे. "पोरगी वरीसभर तरी वर्गात बसंल. तुझी तत्त्वं ऱ्हाऊ दे कपाटात."
आज हो म्हटलं तर पुढच्या प्रत्येक अशा मुलीला हीच अट घालतील. हे खरं आहे. गौरी जिन्याखाली बसते, हेही खरं आहे.
तिला सगळं सांगितलं, अटीसकट. तिचे शब्द सावकाश येतात. मध्ये बोलायचं नाही.
"खोटं हो म्हण."
"आणि दहावीत?"
"मी दाखला काढणारच नाही. तेव्हा तू भांड." मग म्हणाली, "तोवर माझ्या शेजारी कोणीतरी बसेल."
मु.अ. उद्या फाटकातच विचारतील. आत्ता माझ्या तोंडात दोन्ही उत्तरं आहेत.