दुखवट्याची साडी पोचली

मु. पो. उरवडे, ता. मुळशी

चिरंजीव कोंडीराम यास थोरली बहीण इंदूबाईचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण, मी जिवंत आहे. उभा असशील तर आधी खाली बस, आणि तू बसला असशील तर भावजयीला बसव. मागच्या पंधरवड्यात मोबाइलवर फुलांच्या चौकटीत माझा फोटो आला आणि त्याखाली ‘दुःखद निधन’ असं आलं, ते निधन माझ्याच सांगण्यावरून झालं होतं. फोन करून कळवता आलं असतं, पण मेलेल्या माणसानं एकाएकी फोन करणं बरं दिसत नाही, ऐकणारा दचकतो. पत्राचं बरं असतं, हळूहळू कळतं.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझा गुडघा कसा आहे? माझ्या मयतीला येता आलं नाही इतका दुखत होता म्हणे. (रागावले नाही. मीही नव्हते तिथं.) भावजयीची साखर आटोक्यात आहे ना? आणि माडीवर नवी खोली बांधलीस, ती रिकामीच आहे की भाडेकरू ठेवलास? ठेवला असशील तर माणूस पारखून ठेव बाबा. हल्ली कोण कुठून पळून आलेला असेल, सांगता येत नाही.

पत्र वृषालीकडून लिहून घेते आहे. आपल्या दोघांत शाळेत तू गेलास आणि शेळ्यांमागं मी, तेव्हा मला अक्षर येत नाही हे तुला सांगायला नको. नात माझी गुणाची आहे, पण मी ‘हाय’ म्हटलं की ही ‘आहे’ लिहिते, ‘लई’ म्हटलं की ‘फार’ लिहिते. जी पोरगी एवढं बदलते ती आणखी काय काय बदलत असेल? म्हणून लिहून झालं की सगळं पत्र शेजारच्या पिंकीकडून मोठ्यानं वाचून घेणार आहे. पिंकी काही गाळणार नाही, गाळण्याइतका पोच तिला नाही. (आजी, हे पिंकीच वाचणार आहे. — वाचू दे की.)

पोस्टातही टाकत नाही. आपला पोस्टमन भला आहे, पण भला माणूस चौकशा फार करतो. वृषालीचा भाऊ सिद्धांत हे घेऊन स्वतः बडोद्याला येतो आहे. त्याच्याबरोबर एक पाहुणे असतील. ते तुमच्या बडोद्याचेच आहेत, सिद्धांतची त्यांची ओळख आजच झालेली असेल. त्यांना आत बोलव, चहापाणी कर, दारात ताटकळत ठेवू नकोस.

आता मी का मेले ते सांगते. तुला निम्मं ठाऊक आहे, पण वृषाली म्हणते पत्रात सगळं पहिल्यापासून असावं. (ही वकिलाच्या संगतीनं बिघडली.) वृषालीचा नवरा रत्नदीप हा माझ्या भावजयीच्या, म्हणजे तुझ्याच बायकोच्या, सख्ख्या भावाचा पोरगा. सोयरीक तूच जमवलीस. “आक्का, पोरगा फिटर हाय, हातात कला हाय,” असं म्हणाला होतास. कला होती, खोटं कशाला बोलू. पाय त्याहून तरबेज निघाले. आमची किमया चालायला लागली आणि तिचा बापही चालायला लागला. ती उंबऱ्यापर्यंत गेली, हा गुजरातेत. तेव्हापासून ना पत्र, ना पैसा, ना पोरीच्या वाढदिवसाला एक फुगा. आता किमया पहिलीत आहे. शाळेत वडलांचं चित्र काढायला सांगितलं, तर तिनं नुसती एक एसटी काढली, पाठमोरी.

वृषाली उरवड्यातच कंपनीत पॅकिंगला जाते. तिनं पोरीच्या पोटगीसाठी दावा लावला. स्वतःसाठी काही मागत नाही. (हे वाक्य तिनं दोनदा लिहिलं होतं, एकदा मी खोडायला लावलं. नवऱ्याला एवढं कळवळून कळवायची गरज नाही.) क्षितिजाबाई म्हणून वकीण आहे, तरतरीत पोरगी. तिनं समन्स काढलं. ते वापीला गेलं आणि परत आलं: इसम या पत्त्यावर राहत नाही. मग कुणीतरी अंकलेश्वरचा पत्ता दिला, तिथून परत आलं: इसम नुकताच सोडून गेला. या ‘नुकताच’वर माझं डोकं अडकलं. माणूस सोडून जातो ते मी समजू शकते, आमच्या घराला त्याची सवय आहे. पण इकडे कागद निघाला की तिकडे हा निघतो, म्हणजे मधे कुणीतरी याला हाक मारून उठवतं.

मग मी संशय घ्यायला बसले. दुसरा उद्योग नव्हताच. आधी वकिणीवर घेतला, कारण ती फोनवर फार गोड बोलते. मग नांद्याच्या विहीणबाईंवर, पण त्या म्हणाल्या की पोरानं मलाही तोंड दाखवलं नाही, आणि इतक्या शिव्या त्याला घातल्या की मलाच त्याची बाजू घ्यावी लागली. मग रत्नदीपचा कंपनीतला दोस्त वाल्मीक. तो तर शपथा घेऊन रडला. (रडणाऱ्या पुरुषावर माझा दुप्पट संशय असतो, पण हा खरंच मऊ निघाला.) गोठ्यातली शेळी सोडली तर सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तुझ्यावर मात्र घेतला नाही. सख्ख्या पाठच्या भावावर संशय घेते ती बहीण कसली?

दरम्यान वृषाली खचली. म्हणाली, आजी, या तारखेलाही समन्स परत आलं तर मी दावा काढून घेते, तारखेला रजा टाकून टाकून नोकरी जायची वेळ आली. पोरीचं जे तिला मिळायचं ते एका पळपुट्याच्या पायगुणानं बुडणार, हे मला सहन होईना. तेव्हा मी ठरवलं की मरावं.

तू म्हणशील, हे काय भलतंच. पण विचार कर. जिवंत माणसाचं तोंड चुकवता येतं, मयत चुकवता येत नाही. आपण कर्मकांडं सोडली, पिंड सोडले, कावळे सोडले, पण सोयऱ्याघरी मयत झाली की दुखवटा घेऊन जाणं कुणी सोडलं आहे का? सुनेला साडी आणि मुलाला टॉवेल-टोपी नेली नाही की भावकीत नाव निघतं. आणि रत्नदीपच्या धाकट्या बहिणीची सोयरीक सध्या चालू आहे. ‘यांच्यात आजेसासू गेली तर जावयाचा दुखवटासुद्धा आला नाही’ असं पाव्हण्यांच्या कानावर गेलं तर जमलेलं मोडेल. मी म्हटलं, पोरीसाठी न येणारा साडीसाठी येईल.

वकिणीला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. विहारात भंतेजी चौथं शील म्हणवून घेतात, मुसावादा वेरमणी, ते मला तोंडपाठ आहे, म्हणून मी तोंडानं खोटं बोललेच नाही. मोबाइलवर सगळं पिंकीनं टाकलं, मयत पुण्याच्या दवाखान्यातूनच परस्पर उरकली हेही.

मरायला मी कोळवणला गेले. माझी भाची गौतमी तिथं पुणेकरांचं फार्महाउस सांभाळते. जागा मरायला झकास आहे, ओसरीवर झोपाळा, समोर भातखाचरं. मालकीणबाई शनिवारी आल्या, म्हणाल्या, “आजी, किती दिवस राहणार?” मी म्हटलं, “पुण्यानुमोदन होईस्तोवर.” त्यांनी हळू आवाजात विचारलं, “कोणाचं?” म्हटलं, “माझंच की.” त्या दिवशी त्यांनी जेवण न करताच गाडी काढली.

इकडे उरवड्यात माणसं भेटायला येऊ लागली. सुनेला रडूच येईना. (एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला रडण्याचा सराव दिला नाही, हा माझा चांगुलपणा असा अंगाशी आला.) शेवटी ती कांदे चिरायला बसली, तर माणसं म्हणाली, दुःखातसुद्धा चुलीचं बघते बिचारी. किमयाला मात्र आम्ही काही शिकवायचं विसरलो. जो येईल त्याला ती स्वच्छ सांगायची, “आजी कोळवणला गेलीय, झोपाळ्यावर बसलीय.” हे ऐकलं की आलेल्या बाया पदर तोंडाला लावून जास्तच रडायच्या. घरात खरं बोलणारी एकटी तीच होती आणि तिच्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही.

आणि वाल्मीक! त्या मऊ माणसानं पदरचे पैसे घालून फाट्यावर माझा फ्लेक्स लावला. फोटो वृषालीच्या लग्नातला. बाजूची माणसं कापली, पण माझ्या खांद्यावर एक हात तेवढा राहिला. तो रत्नदीपचा. नातजावयाचा मला मिळालेला आधार तेवढाच, मनगटापर्यंत. परत येताना वडापच्या जीपमधून मी त्याच फ्लेक्सखाली उतरले. ड्रायव्हरनं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि भाडं न घेता गाडी हाणली. आता गावभर झालं आहे, म्हणून ही घाई. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

तू पिंकीच्या मोबाइलवर आवाज पाठवला होतास, तो मी कोळवणला ऐकला. “आक्का गं, माज्या आदी कशी गेलीस” म्हणून रडलास. मी दोनदा ऐकला. डोळ्यांत पाणी आलं. रडता रडता मधेच भावजयीला म्हणालास, “चहा ठेव, तीन कप.” तेही ऐकलं. दुःखात माणसाला चहा जास्त लागतो.

रत्नदीप काही आला नाही. पण दुखवटा आला! कुरिअरनं, सुनेच्या नावानं साडी. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव रत्नदीप आणि पत्ता सुरतेचा. वकीणबाई हरखली, म्हणाली, आजी, काय केलंत ते मला सांगू नका, पण पत्ता मिळाला! वृषाली किती महिन्यांनी हसली. तेव्हा एवढंच कळवते की बेत फळाला आला. सुरत तुझ्यापासून फार लांब नसावी. रत्नदीप कुठं दिसलाच तर सांग, आजी बरी आहे, काळजी करू नको.

बाकी विशेष नाही. थोरांना जय भीम, लहानांना पापे. गुडघ्याला तेल लावत जा, आणि जिन्यावरून खाली-वर कमी करत जा.

तुझी, मेली होती ती आक्का,
इंदूबाई (अंगठा, शाई पुसट आली आहे पण माझाच आहे)

ता. क. साडीबद्दल लिहायचं राहिलं. आमसुली रंग, मोरपंखी काठ. पदराचे गोंडे हातानं बांधलेले, आणि पदराच्या टोकाला मेणाचा बारका डाग. कोंडीराम, गोंडे मी बांधले होते. तुझ्या माडीच्या गृहप्रवेशाला भावजयीला मी नेसवली होती ती ही साडी, आणि वंदनेच्या वेळी माझ्याच हातातल्या मेणबत्तीचा थेंब तिच्यावर पडला होता. भावजयीनं ती पुन्हा कधी नेसली नाही, हे मला माहीत होतं. डाग पडलेली आहेराची साडी बाई कपाटाच्या तळाशी ठेवते आणि परक्याच्या दुखवट्यात खपवते. मीही हेच केलं असतं, फक्त जिनं दिली तिच्याच मयतीला पाठवली नसती. मला अक्षर कळत नाही, म्हणून सुरतेचा पत्ता मी वाचला नाही. मी साडी बघितली. ती बडोद्याची होती.

ता. क. दुसरा. वकीण म्हणाली, आजी, साडीची साक्ष कोर्टात चालायची नाही. म्हटलं, साक्ष नको, नुसता पत्ता बदल. तिनं बदलला. तुझ्यावर संशय घेतला नाही असं वर लिहिलं आहे, तेव्हा खरंच नव्हता घेतला. नंतर गरजच उरली नाही, इकडे कागद निघाला की फोनवर आधी तुलाच सांगणारी मीच होते. भावजयीचा तो भाचा आहे, तिला तोडवत नसेल, आणि तुला तिला तोडवत नसेल, एवढं मी समजते. तू रडलास तेही खरं होतं, आणि रडता रडता त्याला चहा पाजत होतास तेही खरं. पण माडीवर तू बापाला लपवलंस आणि इकडे पोरगी पाठमोरी एसटी काढते. (आजी, हे लिहू? — लिही, आणि ठळक लिही.)

ता. क. तिसरा. दारात सिद्धांतबरोबर जे पाहुणे उभे आहेत, ते तुमच्या कोर्टाचे बेलीफ आहेत. सिद्धांतला मुद्दाम चहाच्या वेळेला पोच म्हटलं होतं. तुला करायचं इतकंच, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारायची आणि तो खाली आला की बोट दाखवायचं, हाच रत्नदीप. या खेपेला त्याला मागल्या दारानं काढलंस, तर मी खरंच मेले असं समज आणि भेटायला येऊ नकोस. साडी सिद्धांतच्या पिशवीत परत पाठवली आहे. भावजयीला म्हणावं, घडी मोडू नका, माझ्या खऱ्या दुखवट्याला हीच आणा, नवी घ्यायला नको.

आणि तिला हेही सांग, चहा आता पाच कप ठेव.