आपल्या विहिरीचा कठडा

बडोदे,
ता. ११ जून १९३३

प्रिय सुनीती,

सप्रेम नमस्कार. इंदुरास सर्व खुशाल असाल. इकडे आबांचा दमा बरा आहे. माझी बी. ए. ची पदवी त्यांनी चौकटीत घालून बैठकीत लावली आहे. आल्यागेल्याला चहाआधी ती बघावीच लागते. तुझ्या आईंना, इंदिराकाकूंना, इस्पितळातून घरी आणलं. मांडीचं हाड जुळतं आहे. त्या विहिरीत कशा पडल्या, ते काकांनी, तुझ्या वडिलांनी, तुला लिहिलंच असेल.

नेमकं काय लिहिलं, ते मला कळव.

तुमच्या-आमच्या परसांच्या हद्दीवरची ती विहीर. म्युनिसिपालिटीचा नवा नियम आला की उघड्या विहिरीला अडीच हात कठडा हवा, आणि विहीर दोन घरांची असेल तर दोघांची सही. चैत्रात काकांच्या गवंड्याने खुंट्या ठोकल्या, त्यातल्या दोन आमच्या बाजूला. मी एक उपटली. "बेन, खूंटी ना उखाडो, काका वढशे!" काका रागावतील म्हणून तो ओरडला. एवढी घाई कशाला, असं माझ्या मनात आलं.

संध्याकाळी काकांची चिठ्ठी आली. "आपल्या विहिरीस कठडा बांधीत आहे. सोबतच्या कागदावर सही करावी." आबांना अक्षर लावायला वेळ लागतो, म्हणून मीच वाचली. 'आपल्या' म्हणजे कुणाच्या? तुमच्या, असं आदरानं? दोघांच्या? की स्वतःच्या?

"आबा, काका विहीर स्वतःची म्हणवताहेत. सही केलीत की हद्द गेली."

"अगं, पिलाजी तसला नाही."

"माणूस कसा आहे ते कचेरीत कोण बघतं? कागद बघतात."

आबा हसले. "मग तुला शिकवलं कशाला? तू म्हणशील तसं."

कागद सहीविना परत गेला. काकांनी पुन्हा विचारलं नाही, याचाही मला संशयच आला. हक्क वाचवला म्हणून मी मनातून फुशारले होते.

काकूंना मोतीबिंदूमुळे जवळजवळ दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. त्या कुणाला सांगू देत नव्हत्या. कठडा त्यांच्यासाठी होता, सुनीती. मे महिन्यात भर दुपारी पाय घसरला. पाणी आटलेलं, म्हणून बुडाल्या नाहीत, आणि म्हणूनच हाड मोडलं.

चौकशीला आलेल्या म्युनिसिपालिटीच्या कारकुनाने विचारलं, "सही कुणी अडवली?" मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मी. आमचं जुनं भांडण होतं." काका त्यांच्याकडे बघतच राहिले. भांडण कधी झालंच नव्हतं. दोघं एका रिसाल्यात वीस वर्षं होते. आता काका आमच्या दारावरून मान वळवून जातात. मी ते खोटं तसंच राहू दिलं. रोज वाटतं, काकांना खरं कळलं आहे. गवंडी रस्त्यात भेटला तरी वाटतं.

काल काकूंना बघायला गेले. त्यांनी माझा हात चाचपला आणि हळूच विचारलं, "निरू, आबांना चिठ्ठीतलं एवढं अक्षर एकट्याने लागतं का गं?"

मी म्हटलं, "औषध घेतलंत का?"

तुला आधी लिहिते आहे, कारण तुझ्या शिव्या खाल्ल्या की काकांपुढे उभं राहणं सोपं जाईल, असं वाटलं. पण ही पळवाटच झाली. तुझ्या उत्तरासाठी थांबत नाही. पाकीट बंद करून तशीच तुमच्या घरी जाते. आबांना सांगितलेलं नाही. ते जाऊ देणार नाहीत.

माझ्यासाठी खोटं बोलून ज्यांनी आपला मित्र गमावला, त्यांची मुलगी,

निरुपमा