गोड सोडल्यावर

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घरी सगळे बरे आहेत. माझा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला, चांगला आहे. बेकरीत ही बातमी लगेच पसरली. मालक गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात की हा माणूस दिवसभर केकवर क्रीम लावतो, पण बोटसुद्धा चाटत नाही. मी मान खाली घालून ट्रे पुसत राहतो.

तुला म्हणून सांगतो. साखर निघाली त्या दिवशी मी देवासमोर बसून म्हटलं होतं, गोड तुझ्यासाठी सोडलं, आता पुढचं तू बघ. त्याने बघितलं. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी मी महिन्यापूर्वी बंद केली. एकदा त्याच्यावर सोपवल्यावर ती घेणं बरं वाटेना. साखरेची तेवढी घेतो, ती आधीपासूनची आहे. भूक लागली की लोण्याची खारट बिस्किटं खातो. ती गोड नसतात, त्यामुळे अडचण नाही.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझा धाकटा

२० जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. आ.

साखर उतरली, आनंद झाला. पुढचं वाचून कपाळावर हात मारला. देवाने एका गोळीला आत घेतलं आणि दुसरीला दारात उभं केलं, हे तुला कुणी सांगितलं? तू त्याच्याशी साखरेचं बोललास. कोलेस्टेरॉलचा विषय तुझ्या तोंडून निघालाच नव्हता. आणि ती लोण्याची बिस्किटं काय त्याने सुचवली?

एक गोष्ट तुला माहीत नाही. बाबा गेले तेव्हा तू परगावी कामाला होतास. साखरेने गेले असं घरात सगळे म्हणतात, तूही म्हणतोस. दवाखान्यात मी होते. त्या दिवशी त्यांची साखर बरोबर होती. डॉक्टरांनी मला कागद दाखवला होता. गेले ते हृदयाने. त्यांनाही ही गोळी दिलेली होती, आणि काही दुखत नाही म्हणून तेही ती घेत नव्हते.

रक्त तपासून घे आणि कळव. तुझ्या बायकोला यातलं काही सांगितलं नसशील, तर आधी तिला सांग.

आशीर्वाद आहेतच.

ताई

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तपासून आलो. कोलेस्टेरॉल पूर्वीपेक्षा जास्त निघालं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले की साखरेच्या माणसाच्या रक्तवाहिन्या लवकर खराब होतात, म्हणून साखर ताब्यात असली तरी ही गोळी देतात. एकीचं काम दुसरी करत नाही. बिस्किटांचं ऐकून मात्र हसले. ती बंद केली आहेत. हिला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

गोळ्या आणल्या आहेत, पण अजून पाकीट फोडलेलं नाही. हातात घेतो आणि परत ठेवतो. बाबांचं कळल्यापासून झोप नीट लागत नाही, तरीही ठेवतो. देव रागावेल अशी भीती नाही, तो असा रागावणारा नाही. मग काय आडवं येतं ते मला कळत नाही. तुला कळलं तर लिही.

तुझा धाकटा

१० फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. आ.

मलाही हीच गोळी आहे, ती मी रोज घेते. आजवर कुणी मला शाबास म्हटलेलं नाही. तुझ्या भाऊजींना तर ती मला चालू आहे हेही आठवत नाही. तुझं काय अडलंय ते यावरून ओळख. आणि ओळखता आलं नाही तर आधी गोळी घे, मग विचार करत बस.

ताई

१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी गोळी सुरू केली. काय अडलं होतं ते हळूहळू लक्षात आलं.

गोड सोडलं तेव्हा मी देवासमोर काहीतरी ठेवत होतो. रोज ठेवत होतो, आणि रोज शाबासकीसाठी त्याच्याकडे बघत होतो. या गोळीत सोडण्यासारखं काहीच नाही. पाण्याचा घोट घेतला की झालं. ती घेऊन सकाळी त्याच्यासमोर उभा राहतो तेव्हा सांगायला माझ्याकडे काही नसतं. सुरुवातीला ओशाळल्यासारखं व्हायचं. आता थोडा वेळ नुसता उभा राहतो आणि कामाला जातो.

तुझा धाकटा