कोल्हापूरचे चेंबर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. २० नोव्हेंबर १९७४

ती. स्व. विरूअण्णास,
महानंदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तू एस.टी.ने पाठवलेले पार्सल सुखरूप पोचले. पोत्याची शिवण उसवून अप्पांनी चेंबर बाहेर काढले, तेव्हा अव्वा म्हणाली की इतकी देखणी परात तिच्या लग्नात कुणी आहेर केली नव्हती. ही परात नसून ट्रकच्या गिअरबॉक्सखाली तेल धरणारे भांडे आहे, असे मी तिला समजावले.  अप्पांनी टिचकी मारून नाद ऐकला, आणि शेजारच्या नागप्पाकाकांना हाक मारून हे आमच्या विरूने केले म्हणून दाखवलेही.

वळसंगजवळ दगडावर आपटून जुने चेंबर फुटल्यापासून गाडी दारातच उभी होती. लष्कराच्या लिलावातली गाडी, तिचे अस्सल भाग आता कुठे मिळायचे? म्हणून सगळ्यांची भिस्त तुझ्यावर. सोमवारी पूजा केली, कल्लप्पा मिस्त्रीने गाडीखाली झोपून चेंबर बसवले, तेल भरले, आणि सकाळी पाहते तो खाली तेलाचा डाग. ताटाएवढा होता असे लिहिणार होते, पण खरे सांगायचे तर वाटीएवढाच होता. ताटाएवढा दुसऱ्या दिवशी झाला.

अप्पा म्हणतात, कोल्हापूरला एवढे दिवस घालवून पोरगे चाळण करायला शिकले. हे तुला लिहू की नको, याचा मी पुष्कळ विचार केला. पण तू उद्यमनगरच्या त्या कारखान्यात राहायचे की घरी येऊन गाडीवर बसायचे, हे अप्पांनी या चेंबरवरच ठरवायचे ठेवले आहे. मग तुझ्यापासून लपवून कसे चालेल?

काय करावे ते लगेच कळव. आहे तो लोभ गळू देऊ नये.

तुझी बहीण,
महानंदा


कोल्हापूर,
ता. २५ नोव्हेंबर १९७४

चि. महानंदास,
विरुपाक्षचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले. डाग तू वाट्यांनी मोजतेस हे वाचून आमचे मालकसुद्धा हसले. त्यांनी विचारले, आमटीची वाटी की आमरसाची?

अप्पांना सांग, ही चाळण पाठवण्याआधी मी पाण्याने भरून ठेवली होती. तळाला, कोपऱ्याला, सांध्याला कुठेही पाझर नव्हता. म्हणजे तेल भांड्यातून गळत नाही, काठावरून येते. चेंबर आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बुचाचा पट्टा बसतो, त्याला पॅकिंग म्हणतात. तो नीट दाबला गेला नसावा. कल्लप्पामामा एका टोकापासून बोल्ट आवळत गोल फिरत असतील, त्यामुळे एक बाजू दबते आणि दुसरी उचलते. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायला सांग. सोबत नवीन पॅकिंग पाठवतो आहे.

तू उगाच काळजी करून वाळू नकोस. अव्वाला नमस्कार. तिकडचा लोभ इकडे मला रोज लागतो.

तुझा,
विरूअण्णा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. ३ डिसेंबर १९७४

ती. स्व. विरूअण्णास,
महानंदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र हातात घेऊन मी गाडीशेजारी उकिडवी बसले आणि बोल्ट कसे आवळायचे ते मोठ्याने वाचले. कल्लप्पामामांनी गाडीखालून विचारले की पाना कोणत्या हातात धरायचा तेही कागदात आहे का. पण तू लिहिलेस तसेच त्यांनी केले, हे मी स्वतः वाकून पाहिले. अव्वाचे म्हणणे असे की काढून पुन्हा लावलेली वस्तू नवीच धरायची, म्हणून पूजाही नव्याने झाली. नवे पॅकिंग, नवे तेल, सगळे नवे.

आणि गळती जुनीच!

अप्पा अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यातून चादरींच्या गाठी भरून लातूरला निघाले. तुळजापूरच्या घाटात गिअरबॉक्स रडायला लागला. तेल निम्म्याच्या खाली गेले होते. माल तिथेच नागप्पाकाकांच्या गाडीत चढवावा लागला. काकांनी विचारले म्हणे, की शरणप्पा, रस्त्याला तेल घालून तो मऊ होतो का? अप्पा घरी आले ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितले की आता एकदाच, शेवटचे बसवून बघू. याउपर गळले तर विरूला लिही, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी घरी ये आणि स्टिअरिंग धर. ज्याला एक भांडे जमले नाही त्याने लेथ मशीनवर वय घालवू नये.  अण्णा, तूच काहीतरी सुचव. मला तर पान्यातले काही कळत नाही.

लोभ वाढता ठेव, मला धीर हवा आहे.

तुझी,
महानंदा


कोल्हापूर,
ता. ८ डिसेंबर १९७४

चि. महानंदास,
अ. उ. आशीर्वाद.

मालकांनी मला जानेवारीपासून मोठ्या लेथवर उभे करायचे ठरवले आहे. हे तुम्हाला जत्रेत येऊन सांगणार होतो. आता कोणत्या तोंडाने सांगू?

त्या चेंबरचा काठ मी काचेवर घासघासून सपाट केला आहे. त्याखाली डोक्याचा केस सरकणार नाही. बोल्ट बरोबर, पॅकिंग बरोबर, काठ बरोबर. तरी तेल येते, म्हणजे तिथे असे काही घडते आहे जे मला इथे बसून दिसत नाही.

तुला सगळे बारीकसारीक लिहायची खोड आहे. मी आजवर तिची थट्टा केली, आज तीच खोड मला हवी आहे. चेंबर खाली काढल्यापासून परत बसेपर्यंत कोण काय करते, ते सगळे लिही. तुला वाटेल की हे काय सांगायचे, तेही लिही. शेवटची खेप होण्याआधी लिही.

लोभ असेल तर लांबलचक पत्र येईलच.

विरूअण्णा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. १२ डिसेंबर १९७४

ती. स्व. विरूअण्णास,
महानंदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

विचारलेस तसे सगळे लिहिते.

कल्लप्पामामा आधी खालचे बूच काढून तेल डब्यात सोडतात. मग बोल्ट सोडून चेंबर उतरवतात आणि आतून पुसतात. जुने पॅकिंग खरवडून काठ लख्ख करतात. मग चेंबर ओट्यावर पाटावर ठेवतात. अप्पा अंघोळ करून येतात. अव्वा ताट आणते. अप्पा तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढतात, त्यावर ओल्या गंधाचे टिळे आणि गंधावर अक्षता. ऊदबत्ती ओवाळतात. नंतर मामा पॅकिंग ठेवून चेंबर गाडीखाली नेतात.

विभूती कुठे लावतात तेही लिहिते. तळाला नाही. अप्पा म्हणतात, तळ रस्त्याकडे असतो, त्यावर सगळ्या दुनियेची धूळ आणि जनावरांचे शेण उडणार, तिथे विभूती लावणे म्हणजे पाप. आत लावावी तर ती तेलात बुडणार. म्हणून ते काठावर लावतात. काठ वर तोंड करून असतो आणि नेहमी झाकलेला राहतो. चारी बाजूंनी लावतात. मामा सुद्धा मोठ्या श्रद्धेचे, धन्याने लावलेली विभूती पुसायची कशी, म्हणून ते तिच्यावरच

अण्णा, मी मघाशी इथे लिहायची थांबले होते. पुन्हा वरून वाचून काढले. त्यांच्यावरच पॅकिंग बसते. अक्षतांवर!

आता मी काय करू? अप्पांच्या पूजेमुळे तेल गळते, हे मी अप्पांना सांगू? तेही घाटातल्या त्या प्रकारानंतर? आणि नाही सांगितले तर तू घरी येणार. मला शाळेत घातले तेव्हा अप्पा म्हणाले होते की घरात एक तरी जण कागद वाचणारे असू दे. कागद वाचून मी त्यांनाच चूक ठरवू का? ताबडतोब लिही. लोभ मागायलाही आज धीर होत नाही.

महानंदा


कोल्हापूर,
ता. १६ डिसेंबर १९७४

चि. महानंदास,
आशीर्वाद.

पोस्टकार्ड कुणीही अप्पांना वाचून दाखवेल म्हणून आंतरदेशीय पत्र घेतले आहे. मी आधी खूप हसलो आणि मग हसू ओसरले. एक तांदूळ पॅकिंगला उचलून धरतो, तेलाला तेवढी फट पुरते. इथे तर चारी बाजूंना अक्षता.

मी हे अप्पांना लिहू शकत नाही. आपली चाळण झाकायला पोरगा बापाच्या पूजेत खोट काढतो, असे ते म्हणतील, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हटले असते. तू तिथे आहेस. तुला सुचेल ते कर. नाही सुचले तर मी येईन, आणि तुझ्यावर रागावणार नाही.

विरूअण्णा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. २८ डिसेंबर १९७४

ती. स्व. विरूअण्णास,
महानंदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

खरे तेच सांगायचे असा निश्चय करून मी अप्पांपुढे चहा ठेवला. पण तोंडून निघाले ते भलतेच. मी म्हणाले की अप्पा, माणूस विभूती कपाळाला लावतो, तळपायाला नाही. गिअरबॉक्सचे कपाळ म्हणजे आपण गाडीत बसून धरतो ती गिअरची मूठ. चेंबर तर त्याची पावले. पावले धुवायची असतात.

 हे मॅट्रिकच्या पुस्तकात आहे का, असे अप्पांनी विचारले. मी नाही म्हणाले. मग ते म्हणाले की पोरगी म्हणते तर तसे करू. मामांनी चेंबर उतरवले. मी स्वतः काठ रॉकेलने धुतला आणि कोरड्या फडक्याने पुसला, मग मामांनी नवे पॅकिंग ठेवून चेंबर बसवले. पूजा गिअरच्या मुठीची झाली. अव्वाने तिला झेंडूची माळ सुद्धा घातली.

अण्णा, गाडी लातूरला जाऊन आली आणि खालची जमीन कोरडी आहे! मी पांढरा कागद अंथरून पाहिला.

पण माझे मन थाऱ्यावर नाही. मी खोटे बोलले नाही, पण खरेही सांगितले नाही. अप्पांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी त्यांना वळणाने नेले. हे बरे केले का? अप्पा तुझ्याबद्दल अजून काही बोलत नाहीत. मोठ्या लेथचे मी त्यांना सांगून टाकले, त्यावर नुसते हं म्हणाले.

लोभ आहे तसाच राहू दे, माझे चुकले असले तरी.

तुझी,
महानंदा


सोलापूर,
ता. २ जानेवारी १९७५

चि. विरूस शरणप्पाचा आशीर्वाद.

मी सांगतो, नंदा लिहिती. एक अक्षर बदलायचं न्हाय म्हणून तिला बजावलंय.

तेल थांबलं. लातूरला परत एक खेप झाली, गिअर लोण्यावानी पडतोय. नागप्पा धुतलेल्या धोतरावर गाडीखाली जाऊन झोपला, कुटं थेंब सापडंल म्हणून. लई हुडकलं त्यानं. धोतर तेवढं मळलं.

तुझी बहीण मला कपाळ आन् पाय शिकवाय आली. मी काय खुळा न्हाय. कल्लप्पानं चेंबर उतरवलं तवा त्याचं जुनं पॅकिंग मी हातात घिऊन बगितलं. तांदळाचा एकेक दाणा त्यात उमटला व्हता. तवा समजलं की चाळण कुणी केली. पोरीनं माझा मान राखला, म्हणून मी बी गप बसलो.

(इथे माझा हात थांबला. अप्पा म्हणतात, थांबायचं न्हाय, लिही.)

ती तवापासनं नीट जेवत न्हाय. म्हणून आज तिच्याच हातानं लिहून घेतोय, म्हंजे तिला बी कळंल. मी तुला चार माणसांत नावं ठेवली. ती चार माणसं बोलावून चहा पाजला आन् चूक माझी म्हणून सांगितलं. कल्लप्पा रडला. विभूतीवर पॅकिंग ठेवताना त्याला बी शंका आली व्हती म्हणं, पर बोलला न्हाय. नागप्पाला म्या सांगितलं, तुझ्या गाडीचं चेंबर बी आमच्या विरूकडनंच करून घे. व्हय म्हणालाय. माप नंदा घेती हाय, गाडीखाली जाऊन. तिची अव्वा वरडतीय, वरडू दे.

गड्ड्याला ये. चार दिस राहा, भाकरी आन् शेंगाची चटणी खा, अव्वाला तोंड दाव. आन् परत जा. मोठ्या लेथवर उभं राहायचं म्हणतोस, तर जत्रा संपली की एक दिस बी हितं थांबू नगं.

लोभ हाय. तो कोल्हापूरपतुर पुरंल एवढा हाय.

शरणप्पा

(सही अप्पांनी स्वतः कन्नडमध्ये केली आहे.)