शेजारच्या सीटवरची सुपारी

८ नोव्हेंबर
आले: गाडी एक, दोन दारांची, परदेशी बनावटीची, वापरलेली – एकोणीस लाख. नारळ दोन – सत्तर. लिंबे चार – वीस. झेंडूचा हार – साठ. सुपाऱ्या घरातल्याच.

एकोणीस लाख लिहिताना हात थांबला. खत-बियाण्याच्या दुकानाला मालाची गाडी हवी होती, लेकाने, गजेंद्रने, ही आणली. का, ते विचारले नाही. सुचिताची हौस. "फक्त दोघांची गाडी घेऊ," म्हणायची सूनबाई. डेंग्यूने गेली, त्याला दोन वर्षे झाली.

शेजारचे रंगराव गाडीभोवती फिरून फिरून बघत होते. "वहिनी, तुम्ही कुठी बसान? डिक्कीत?"

गुरुजी सोनाळ्याला गेलेले. पूजा मीच सांगितली.

९ नोव्हेंबर
काल चुकले. पूजेला बायको हजर नसली तर तिच्या जागी सुपारी मांडतात. सुचिता माहेरी गेलेली असली की मीच मांडायची. काल हात आपोआप गेला – शेजारच्या सीटवर मूठभर तांदूळ, वर सुपारी, कुंकू लावून तिचे नाव घेतले. परगावी असलेलीची मांडतात. गेलेलीची नाही.

शेवटी अक्षता टाकून गणपती हलवला. ती सुपारी मात्र दिसेना. सीटखालच्या फटीत घरंगळली असेल. महाराजांचे नाव घेतले. गजेंद्रला सांगितले नाही.

१२ नोव्हेंबर
गाडी वाजते. शेजारी कोणी नाही तरी पट्टा लावा, पट्टा लावा – टुंग टुंग.
"सेन्सर असते आई त्याच्यात. धूळ गेली अशीन."

१५ नोव्हेंबर
अशा गाड्यांच्या मालकांचा फोनवर ग्रुप आहे. गजेंद्र जेवताना त्यांची मते वाचून दाखवतो. अमरावतीचे एक डॉक्टर – इंजिन दगा देत नाही, डोळे मिटून घ्या. अकोल्याचा कोणी – टायर महाग, गतिरोधकावर पोट घासते. तिसरा – घ्यायची तर हीच, पण मागच्या सीटवर दुश्मनालाही बसवू नका. पट्ट्याची तक्रार एकाचीही नाही. सीटवर वजन असल्याशिवाय वाजतच नाही, म्हणतात.

मत देणारे सगळे चालवणारे. पुरुष. शेजारी बसणाऱ्या बाईला कोणी विचारलेले दिसत नाही. गाडीच्या कागदावर आधीच्या मालकांचा, उद्धवरावांचा, नागपूरचा पत्ता होता. त्यांच्या पत्नीला आंतरदेशीय टाकले.

१९ नोव्हेंबर
गजेंद्र गाडी अकोल्याला दाखवून आला. "मेकॅनिक म्हणते, सेन्सर बरोबर हाये. सीटवर वजन दाखवून राह्यलं."
"किती?"
त्याने हातातला घास ताटात ठेवला. "बारीक अंगाच्या माणसाचं."
सुचिताच्या हातात बांगडी ठरत नसे.

२२ नोव्हेंबर
आता तो निघताना शेजारचा पट्टा आपणच लावतो. गाडी गप्प होते. संध्याकाळी फाटकाशी येते तेव्हा काचेआडून त्याचे हसणे ऐकू येते. दोन वर्षांनी. फोनवर असेल म्हणून बघितले. फोन सकाळपासून इथेच, चार्जिंगला.

२७ नोव्हेंबर
नागपूरहून उत्तर. प्रतिमाताई लिहितात – ती सीट माझीच होती, पाच वर्षांत उगाच कधी वाजली नाही. गाडी गुणाची. दार तेवढे जड आणि बसायला फार खाली, उठताना गुडघे बोलतात, म्हणून काढली.
गाडीत खोट नाही. खोट कुठली ते मला माहीत आहे.

१ डिसेंबर
पिंपळगाव राजाची मंडळी आली होती. मुलगी प्रेरणा, शाळेत शिकवते. तिचेही दुसरेपण. उगाच लाजली नाही, भाकरी करायला बसली. मला पसंत. गजेंद्र तिला गाडीतून देवळात नेऊन आला.

मग ती स्वयंपाकघरात आली. "काकू, मागं बसल्या होत्या त्या ताई कोण? एक शब्द बोलल्या नाही."
"मागे कोणी नव्हते गं."
"बारीकशा. मले वाटलं बहीण अशीन यांची. अवघडून बसल्या होत्या बिचाऱ्या." मग म्हणाली, "पण पुढची सीट वाकवल्याशिवाय मागं जाताच येत नाही ना? आम्ही त वाकवलीच नाही."
चहा अर्धा ठेवला तिने.

४ डिसेंबर
तिच्या वडिलांचा फोन. मुलगी राजी आहे. ती गाडी मात्र काढा, म्हणते.
गजेंद्रला सांगितले. तो म्हणाला, "गाडी नाही जाणार. लग्न राहू दे."
"का पण?" मी विचारले.
त्याने किल्ली मुठीत धरली. "गाडी इकली त तिले कुठी ठेवू, आई?"

६ डिसेंबर
गजेंद्र दुकानाच्या मालासाठी अकोल्याला, एसटीने. उद्या येईल. किल्ली घेतली, दार उघडले, सीटखाली हात घातला. सापडली. कुंकू ओले होते. आत्ता लावावे तसे.

पाटावर मांडली. बाहेरगावी निघालेल्याच्या हातावर ठेवतो तसे दही ठेवले. जा बाई, म्हटले, त्याला संसार करू दे. अक्षता टाकल्या, मंत्र म्हटला आणि सुपारी मागच्या विहिरीत सोडली. रडले थोडी.

घरात येऊन दिवा लावताना ध्यानात आले. गणपती हलवताना म्हणतात तेच म्हणून बसले. पुनरागमनाय च. परत ये.

७ डिसेंबर
गजेंद्र अजून यायचा आहे. किल्ली रात्रभर माझ्या कमरेला. सकाळी काचेतून पाहिले – शेजारचा पट्टा लावलेला. रिकाम्या सीटभोवती, ताणलेला.

सुचिता, परत ये म्हणाले ती जिभेची सवय. तुला जायचे आहे की राहायचे आहे? मला त्या मुलीकडच्यांना शब्द द्यायचा आहे. तेवढे उलट टपाली कळव.