पाहुण्यांची मुलगी

रियाध, १८ जानेवारी २०२६

ती. रुचिराताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. १८९८च्या खटल्यातल्या त्या चिनी स्वयंपाक्याचे आईवडील आपल्या आईबाबांसारखेच अमेरिकेत पाहुणे होते, असं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं कायमचं बिऱ्हाड होतं, धंदा होता. त्यांच्या मुलाला कोर्टाने जन्माने अमेरिकन ठरवलं, पण निकालात त्या बिऱ्हाडाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना तो निकाल लागू होतो का, हाच आजचा वाद.

चूक मुळात बाबांची. शाळेत जाण्याआधी त्यांनी मला घरीच शिकवलं. जेवताना ही गोष्ट सांगून ते म्हणायचे, "आपल्यासारखेच पाहुणे, बरं का." तू ताटावरून उठायचीस, कारण तू पुण्यात जन्मलेली आणि मी ह्यूस्टनची. सात महिन्यांची असताना मला इथे आणलं, तरी अमेरिकेचा पासपोर्ट माझ्याकडे. तू तिथे नऊ वर्षं नोकरी करतेस आणि अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत. खालच्या मजल्यावरची अरवा इथल्याच बत्हा भागात जन्मली, तिचे वडीलही इथेच जन्मलेले, तरी दोघं इकाम्यावर, म्हणजे परदेशी माणसाच्या राहण्याच्या परवान्यावर. तिला माझं कौतुक वाटतं. मला लाज वाटते.

व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना जन्माचं नागरिकत्व नाकारणारा राष्ट्राध्यक्षांचा नवा आदेश गेल्या फेब्रुवारीनंतर जन्मलेल्यांपुरता आहे. तो कोर्टांनी थांबवलाय, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायचाय. मला धोका नाही, तुझ्या बाळाला आहे. आमच्यात फरक फक्त तारखेचा.

डॉक्टरांनी तुला अंथरुणातून उठू नको म्हटलंय, आईच्या व्हिसाची मुलाखत जूनमध्ये, आणि बाळ मार्चमध्ये येणार. व्हिसाशिवाय येऊ शकणारी मी एकटीच. पण जो हक्क मलाच पटत नाही, तो दाखवून दारातून आत कशी येऊ? मी जन्मले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. आईबाबांचा तिथे कायम राहायचा विचार होता का? आठवून कळव.

तुझी,
सुरुची

ह्यूस्टन, २५ जानेवारी २०२६

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस त्यातलं आठवतं ते लिहिते. आपली खोकी शेवटपर्यंत उघडलीच नव्हती. पाळणा शेजारणीचा, उसना. आई रोज विचारायची की परत कधी जायचं. बस, एवढंच आठवतं. आता लाव हवा तो अर्थ.

लहानपणी तुझा हेवा वाटायचा, अजूनही वाटतो. मी इथे कर भरते, पण मत देता येत नाही. आता पोटातल्या जिवालाही कोणी विचारणार, तू कोणाचा. सत्यजितला रजा मागायची भीती वाटते. नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळावा लागेल. तो सकाळी डबा उशाशी ठेवून जातो आणि मी संध्याकाळपर्यंत छताकडे बघत पडते. परवा रक्त गेलं. आईला सांगू नकोस.

तू सगळं नीट वाचतेस, बाबांनी तसंच घडवलंय तुला. पण मला न्यायाधीश नको, बहीण हवी. त्या दारातून मला येता आलं असतं, तर तुझ्यासाठी मी एवढा विचार केला नसता.

रागावले नाही. पोहे आण.

तुझी ताई

रियाध, ३० जानेवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. आईला रक्ताचं सांगितलं नाही, पण तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पोहे निवडायला घेतले.

बाबांना बिऱ्हाडाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले की खोकी त्यांनीच उघडू दिली नव्हती, आणि 'आपल्यासारखेच पाहुणे' ही गोष्ट ते मला सांगत नव्हते, स्वतःला सांगत होते. एवढं बोलून ते गच्चीत गेले.

माझी शंका फिटलेली नाही. पण ती मनात ठेवून तुझ्या उशाशी बसता येईल. तिथे पोचल्यावर मी नागरिकांच्या रांगेत उभी राहीन, आणि तुझं बाळ कुठल्या रांगेत उभं राहणार याचा विचार करत पुढे सरकेन. तोवर उठू नकोस. सत्यजितजिजूंना सांग, विमानतळावर येऊ नका, रजा जपून ठेवा. माझ्यावरचा लोभ आहे तसाच असू दे.

मी रविवारी, ८ फेब्रुवारीला निघते.

तुझी,
सुरुची